विश्लेषण : जुने एन्कोडिंग गेले, कॉमेंट तशीच राहिली... कोडमधल्या शिळ्या नोंदी का नडतात?

‘पायथॉन’ या संगणकभाषेची ३.१२ ही आवृत्ती २ ऑक्टोबर २०२३ रोजी प्रसिद्ध झाली. मजकूर साठवण्याच्या एका जुन्या पद्धतीचा आधार तिच्यातून कायमचा काढून टाकण्यात आला. पायथॉन वापरणाऱ्या बहुतेकांना हा बदल जाणवलाही नाही. ज्यांना जाणवला, त्यांच्यापुढे मात्र दोन कामे होती. एक, जुना कोड काढणे. दुसरे, त्या कोडविषयी वर्षानुवर्षे लिहून ठेवलेल्या नोंदी शोधून दुरुस्त करणे. पहिले काम अर्धवट राहिले तर संगणक तक्रार करतो, प्रोग्रॅम चालतच नाही. दुसरे अर्धवट राहिले तर कुठेच काही अडत नाही, आणि खरी अडचण तीच आहे.

कॉमेंट म्हणजे काय आणि ती चुकते कशी?

प्रोग्रॅम लिहिताना संगणकासाठीच्या आज्ञांबरोबर माणसांसाठी काही ओळी लिहिल्या जातात. ‘हे असे का केले’, ‘ही पायरी वगळू नका’, ‘इथे शून्य आले तर थांबा’ अशा स्वरूपाच्या या ओळी म्हणजे कॉमेंट. संगणक त्या ओलांडून पुढे जातो. त्यामुळे कॉमेंटमध्ये काहीही लिहिले तरी प्रोग्रॅमच्या चालण्यात फरक पडत नाही. लिहिताना ती बहुधा खरीच असते. पुढे कोड बदलतो, आणि बदलणाऱ्याचे लक्ष चाचण्या उत्तीर्ण होतात की नाही याकडे असते. भाडेकरू निघून जातो, दारावरची पाटी तशीच राहते.

एन्कोडिंगच्या बाबतीत हे जास्त घडते, कारण एन्कोडिंग एका ठिकाणी नसते. अक्षर कोणत्या आकड्याने ओळखायचे आणि तो आकडा किती बाइटमध्ये कसा लिहायचा, याचा नियम म्हणजे एन्कोडिंग. फाइल वाचणे, शोधणे, क्रम लावणे, छापणे या सगळ्यांना तो नियम लागतो. साहजिकच त्याविषयीच्या कॉमेंट्सही प्रोग्रॅमभर विखुरलेल्या असतात.

पायथॉनमधून नेमके काय काढले?

पायथॉन ३.३ पूर्वी ही भाषा संगणकावर बसवतानाच एक निवड करावी लागे. ‘नॅरो’ बांधणीत मजकुराचा प्रत्येक घटक दोन बाइटचा असे, तर ‘वाइड’ बांधणीत चार बाइटचा. दोन बाइटमध्ये ६५,५३६ वेगवेगळे आकडे मावतात. देवनागरी त्यात आरामात बसते, पण बहुतेक इमोजी बसत नाहीत. त्यामुळे नॅरो बांधणीत एका इमोजीची लांबी मोजली तर उत्तर दोन येई आणि वाइड बांधणीत एक. प्रोग्रॅम तोच, उत्तरे दोन. विंडोजवर सहसा नॅरो आणि अनेक लिनक्स वितरणांत वाइड अशी वाटणी असल्याने ‘माझ्याकडे तर चालते’ हे वाक्य तेव्हा बरेच ऐकू येई.

सप्टेंबर २०१२ मध्ये आलेल्या ३.३ आवृत्तीने हा घोळ मिटवला. पायथॉनमधील बदलांचे प्रस्ताव ‘पेप’ या नावाने आणि क्रमांकाने ओळखले जातात. मार्टिन फॉन ल्योविस यांच्या पेप ३९३ नुसार मजकुरातले सर्वात मोठ्या आकड्याचे अक्षर पाहून एक, दोन की चार बाइट हे ठरू लागले. इंग्रजी मजकुराला अक्षरामागे एक बाइट, मराठीला दोन. आणि मराठी वाक्यात एक इमोजी टाकला की अख्ख्या वाक्याला अक्षरामागे चार.

पण सी भाषेत लिहिलेली हजारो जोडकामे तोवर जुन्या पद्धतीवर उभी होती. ती एका रात्रीत मोडू नयेत म्हणून प्रत्येक मजकुराच्या वस्तूत जुन्या स्वरूपासाठी एक जागा राखून ठेवली गेली. ‘डब्ल्यूएसटीआर’ नावाची ही जागा बहुतेक वेळा रिकामीच असे. शिवाय जुन्या मार्गाने तयार झालेला मजकूर ‘तयार’ आणि ‘अजून तयार नाही’ अशा दोन अवस्थांत असू शके. म्हणून मजकुराला हात लावण्याआधी ‘पाययुनिकोड_रेडी’ या आज्ञेने तो तयार करून घ्यावा लागे. ही आज्ञा अपयशी ठरू शके, तेव्हा तिचे उत्तरही तपासावे लागे.

इनादा नाओकी यांनी २०२० मध्ये मांडलेल्या पेप ६२३ ने हा सगळा पसारा आवरायचे ठरवले. ६४ बिटच्या यंत्रावर प्रत्येक मजकुरामागे ८ किंवा १६ बाइट वाचतात, हे एक कारण. ‘तयार आहे का’ ही सततची तपासणी थांबते, हे दुसरे. आणि जुने ओझे असेपर्यंत मजकूर साठवण्याची नवी पद्धत आजमावणेही अवघड, हे तिसरे. मराठीपुरता हिशेब करायचा तर ‘मराठी’ या शब्दात युनिकोडच्या दृष्टीने म, र, काना, ठ आणि दुसरी वेलांटी असे पाच घटक आहेत. पायथॉन ३.११ मध्ये हा शब्द ८४ बाइट घेई, ३.१२ मध्ये ६८ घेतो. इंग्रजी शब्दामागे ८ बाइट वाचले, मराठी शब्दामागे १६. लाखो शब्द स्मृतीत ठेवणाऱ्या प्रोग्रॅमला ही बचत लहान नाही.

कोणत्या नोंदी शिळ्या झाल्या?

सर्वात ठळक नोंद पायथॉनच्याच मूळ कोडमध्ये होती. मजकुराच्या रचनेची व्याख्या जिथे आहे, तिथल्या लांबलचक कॉमेंटमध्ये मजकुराची चार रूपे सांगितलेली होती. त्यातले एक म्हणजे जुन्या पद्धतीचा, अजून तयार नसलेला मजकूर. आधार काढल्यावर हे रूप उरले नाही, म्हणून तिथे आता तीन रूपे सांगितली आहेत. चाराचे तीन करणे हे तसे एका आकड्याचे काम. पण खाली रूपांचे वर्णन, कोणते रूप कसे ओळखायचे याची चाचणी, ते कुठून तयार होते याचा उल्लेख हे सगळे त्या आकड्याला बांधलेले असते. आकडा बदलला आणि वर्णन राहिले, किंवा उलट झाले, तर कॉमेंट स्वतःशीच भांडू लागते.

गंमत ‘लेगसी’ या शब्दाची झाली. पूर्वी तिथे ‘लेगसी मजकूर’ म्हणजे जुन्या आज्ञांनी तयार केलेला मजकूर. त्या आज्ञा गेल्या, शब्द मात्र राहिला. आता तो पायथॉनच्या मूळ मजकूर-प्रकारावरून बेतलेल्या उपप्रकारांसाठी आहे. रचना तीच, म्हणजे वर्णन एका जागी आणि अक्षरे दुसऱ्या जागी. पण उगम वेगळा. २०१३ मधला एखादा लेख वाचून आजचा कोड उघडणाऱ्याला तोच शब्द दिसतो आणि अर्थ मात्र बदललेला असतो. शब्द शोधून तो पुसण्याच्या पद्धतीने ही चूक सापडत नाही, कारण शब्द चुकीचा नाहीच.

तारखांचेही तसेच. जुन्या आज्ञांविषयीच्या अधिकृत माहितीत बरीच वर्षे ‘पायथॉन ४.० मध्ये काढले जाईल’ असे लिहिलेले होते. ४.० अद्याप आलेली नाही, आज्ञा ३.१२ मध्येच गेल्या. अधिकृत माहिती वेळेत सुधारली गेली. पण ‘४.० येईपर्यंत काळजी नाही’ अशी ओळ कोणी आपल्या कोडमध्ये उतरवून ठेवली असेल, तर ती आपोआप सुधारणार नव्हती. मजकुराच्या यादीसाठी वापरला जाणारा ‘यू’ हा संकेतही असाच ४.० मध्ये जाणार होता. आता त्याच्या गच्छंतीसाठी ३.१६ ही आवृत्ती ठरली आहे. भविष्यकाळात लिहिलेली कॉमेंट सर्वात लवकर नासते.

पण चुकीच्या कॉमेंटने बिघडते काय?

‘पाययुनिकोड_रेडी’चेच पाहा. जुने प्रोग्रॅम एकदम मोडू नयेत म्हणून ही आज्ञा नावापुरती शिल्लक आहे. ३.१२ पासून ती काहीच करत नाही, नेहमी शून्य हे उत्तर देते. तिच्या शेजारी ‘आधी मजकूर तयार करणे आवश्यक, स्मृती अपुरी पडल्यास अपयश येऊ शकते’ अशी कॉमेंट राहिली तर नवा प्रोग्रॅमर ती प्रमाण मानतो. तो नव्या ठिकाणीही तीच आज्ञा लिहितो, कधीच न येणाऱ्या अपयशासाठी चार ओळींची तजवीज करतो, आणि ती तजवीज तपासायला चाचणी लिहू पाहतो. ती चाचणी कधीच खरी घडवता येत नाही.

इथपर्यंत नुकसान वेळेचे. उलट बाजूची चूक जास्त महागात पडते. एखादे जोडकाम ३.११ आणि ३.१२ अशा दोन्ही आवृत्त्यांवर चालवायचे असते. ३.११ ला सुरक्षेच्या दुरुस्त्या ऑक्टोबर २०२७ पर्यंत मिळणार असल्याने हे अगदी नेहमीचे चित्र आहे. तिथे कोणी उत्साहाने ‘ही आज्ञा आता काही करत नाही’ अशी कॉमेंट लिहितो. वाक्य ३.१२ साठी खरे आहे, ३.११ साठी खोटे. पुढचा माणूस ती वाचून आज्ञा काढून टाकतो. त्याच्या संगणकावर ३.१२ असल्याने सर्व चाचण्या हिरव्या दिसतात. मात्र ३.११ वापरणाऱ्याकडे तयार नसलेला मजकूर आला, तर प्रोग्रॅम रिकाम्या जागेतून अक्षरे वाचायला जातो आणि कोसळतो. ‘आता’ या एका शब्दाऐवजी ‘३.१२ पासून’ लिहिले असते तर हे टळले असते.

कोड आणि कॉमेंट यांच्यात विसंगती दिसली की चूक कोणाची, हेही बाहेरून कळत नाही. इलिनॉय विद्यापीठात लिन टॅन आणि सहकाऱ्यांनी ‘आयकॉमेंट’ नावाचे साधन तयार करून २००७ मध्ये लिनक्स, मोझिला, वाइन आणि अपाची या चार मोठ्या प्रकल्पांचा कोड तपासला होता. त्यात ६० विसंगती सापडल्या. त्यातल्या ३३ ठिकाणी कोड चुकीचा होता आणि २७ ठिकाणी कॉमेंट. म्हणजे जवळपास निम्म्या वेळा दोष कॉमेंटचा. ती चुकीची आहे हे कळेपर्यंत माणूस बरोबर असलेला कोड ‘दुरुस्त’ करून बसण्याचा धोका असतोच. पायथॉनच्या लेखनशैलीचे नियम सांगणाऱ्या पेप ८ नेही कोडशी विसंगत कॉमेंट असण्यापेक्षा ती नसलेली बरी, असेच सांगितले आहे.

अलीकडे यात आणखी एका वाचकाची भर पडली आहे. कोड लिहून देणारी कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने आज्ञांइतकीच कॉमेंटही वाचतात. शिळी कॉमेंट वाचून तसाच शिळा कोड सुचवला गेला, तर तो साधनाचा दोष म्हणायचा की पाटी न बदलणाऱ्याचा, हा वाद होईल; पण निस्तरणार प्रोग्रॅमरच.

संगणक वाचतो अशीही कॉमेंट असते?

असते, आणि ती एन्कोडिंगविषयीचीच आहे. पायथॉन फाइलच्या पहिल्या किंवा दुसऱ्या ओळीत ‘या फाइलचे एन्कोडिंग अमुक’ अशी विशिष्ट साच्यातली कॉमेंट लिहिता येते. २००३ मधल्या २.३ आवृत्तीपासून ही सोय आहे. दिसायला ती इतर कॉमेंटसारखीच. पण पायथॉन तिच्यावर विसंबून पुढची फाइल वाचतो. पायथॉन ३ मध्ये काहीच न लिहिल्यास फाइल यूटीएफ-८ मध्ये आहे असे धरले जाते. त्यामुळे ‘एन्कोडिंग यूटीएफ-८’ सांगणारी ओळ आता निरुपयोगी आहे, तरी निरुपद्रवी आहे. हजारो फाइलींच्या माथ्यावर ती अजून दिसते, आणि ती पुसून देणारी तयार साधनेही आहेत.

धोका वेगळ्या ठिकाणी आहे. समजा एका जुन्या फाइलवर ‘लॅटिन-१’ असे लिहिले आहे. जुन्या एन्कोडिंगचा आधार काढायचा म्हणून सर्व फाइली यूटीएफ-८ मध्ये बदलल्या, पण माथ्यावरची ओळ राहून गेली. लॅटिन-१ मध्ये कोणताही बाइट वैध असल्याने पायथॉन चूक दाखवत नाही. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीच्या प्रत्येक घटकाला तीन बाइट लागतात. म्हणून त्या फाइलमधला ‘मराठी’ हा शब्द पाच घटकांऐवजी पंधरा रोमन चिन्हांचा बनतो आणि पडद्यावर मात्रा चढवलेल्या अक्षरांची रांग उमटते. उलट चूक, म्हणजे फाइल लॅटिन-१ मध्येच ठेवून ओळ पुसली, तर रोमन वर्णमालेबाहेरचे पहिलेच अक्षर येताच पायथॉन बहुधा चूक दाखवून थांबतो. ओरडणारी चूक परवडली, ती निदान त्याच दिवशी सापडते.

सर्व जुने उल्लेख पुसले तर?

तर उलटा घोटाळा होतो. कोडमधून जुन्या एन्कोडिंगचा आधार गेला म्हणून जगातला जुना मजकूर नाहीसा होत नाही. मराठीत याची उदाहरणे घरातलीच आहेत. युनिकोडपूर्व फाँटमध्ये पहिली वेलांटी अक्षराच्या आधी साठवली जाई, कारण ती दिसते आधी. युनिकोडमध्ये ती अक्षरानंतर साठवली जाते, कारण उच्चार नंतर होतो. रफाराचे याच्या बरोबर उलट. जुन्या फाइली युनिकोडमध्ये आणणारा प्रोग्रॅम म्हणून चिन्हांची अदलाबदल करतो. ‘का’ हे कॉमेंटमध्ये लिहिलेले नसेल, तर पुढच्या माणसाला ती अदलाबदल निव्वळ वेडेपणा वाटेल.

‘आचार्यास’ आणि ‘आचाऱ्यास’ यांतला फरक मराठी माणसाला सांगावा लागत नाही. दुसऱ्या शब्दातला तो आडवा ‘ऱ्’ युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिता येतो: ‘ऱ’ या स्वतंत्र अक्षराला हलन्त जोडून, किंवा साध्या ‘र’ला हलन्त आणि पुढे एक अदृश्य जोडचिन्ह देऊन. दुसरा प्रकार युनिकोडच्या २.० आवृत्तीशी सुसंगती राहावी म्हणून मान्य आहे. दोन्ही पडद्यावर सारखेच दिसतात, संगणकाला मात्र वेगळे. शोधयंत्राच्या कोडमध्ये दुसऱ्या प्रकारासाठी खास ओळी असतील आणि शेजारी नुसते ‘जुन्या पद्धतीसाठी’ एवढेच लिहिलेले असेल, तर सफाईच्या मोहिमेत त्या ओळी हमखास जातील. मग दुसऱ्या प्रकाराने टंकलेला ‘आचाऱ्यास’ समोर असून सापडणार नाही. तिथे लिहायला हवे ते असे: कोणते चिन्ह, कोणत्या मजकुरात येते, आणि तो मजकूर अजून कुठे आहे.

मग सफाई करायची कशी?

आधार काढणारा बदल आणि कॉमेंट सुधारणारा बदल एकाच वेळी, एकाच माणसाने करणे हा सर्वात साधा उपाय. ‘कॉमेंट नंतर पाहू’ यातला ‘नंतर’ क्वचितच उगवतो. काढलेल्या आज्ञेचे नाव सगळीकडे शोधावेच. पण तेवढ्याने भागत नाही. बऱ्याच कॉमेंट्समध्ये नाव नसते, कल्पना असते. पायथॉनच्या उदाहरणात ‘नॅरो’, ‘वाइड’, ‘तयार’, ‘दोन बाइट’, ‘जोडी’ असे शब्दही शोधावे लागतात. प्रत्येक ठिकाणी थांबून ओळ वाचावी लागते, कारण त्यातल्या काही नोंदी अजून खऱ्या असतात. वर्णन ओळखीचे वाटते म्हणून वाचक घाईने पुढे सरकतो, आणि शिळी ओळ तिथेच निसटते.

काही नोंदी कॉमेंटमधून उचलून संगणकाने तपासावे अशा जागी नेता येतात. ‘इथे मजकूर नेहमी यूटीएफ-८ असतो’ असे लिहिण्याऐवजी तीच अट चाचणीत घातली, तर ती मोडल्याच्या दिवशी कळते. ‘रिकामा मजकूर ४९ बाइट घेतो’ असे कोणी ३.११ च्या काळात लिहिले असेल, तर ३.१२ मध्ये तो आकडा ४१ झाला आहे. हीच गोष्ट चाचणीत असती, तर नवी आवृत्ती बसवताच ती लाल झाली असती. आणि जिथे ‘आता’, ‘सध्या’, ‘लवकरच’ असे शब्द येतात, तिथे आवृत्तीचा क्रमांक लिहिला की वाचणाऱ्याला निदान हिशेब करता येतो.

ज्या नोंदींची चाचणी होऊ शकत नाही, त्या म्हणजे ‘का’ सांगणाऱ्या नोंदी. त्या तपासायला माणूसच लागतो. नव्या कोडची तपासणी करणाऱ्याकडे सहसा फक्त बदललेल्या ओळी येतात, न बदललेली कॉमेंट त्याला दिसतच नाही. म्हणून आधार काढणाऱ्या बदलाची तपासणी करताना आसपासचा न बदललेला भागही उघडून वाचावा लागतो. पायथॉनच्या मूळ कोडमध्ये चाराची तीन रूपे झाली, ती अशीच कोणी तरी ती लांबलचक कॉमेंट वरपासून खालपर्यंत पुन्हा वाचल्यामुळे.